मद्रासची तार आणि पृथ्वीला 'लागलेला' धूमकेतू

फेब्रुवारी २०२५मध्ये भारतीय समाजमाध्यमांवर एक आकडा काही दिवस फार गाजला: ३.१ टक्के. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील ॲटलास दुर्बिणीने टिपलेला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची ती शक्यता होती. संभाव्य आघाताचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र असा वळत दक्षिण आशियापर्यंत येत होता. वृत्तपत्रांनी छापलेल्या शहरांच्या यादीत मुंबईचेही नाव होते. मग काय विचारता! गृहकर्जाचे हप्ते २०३२पर्यंतच भरावेत का, रखडलेला उड्डाणपूल आधी पुरा होईल की लघुग्रह आधी येईल, अशा धर्तीच्या विनोदांना ऊत आला. ३.१ टक्क्यांचा उच्चांक १८ फेब्रुवारीचा. त्यानंतर आठवडाभरातच तो आकडा ०.००४ टक्क्यांवर घसरला. विनोद ओसरले आणि लघुग्रह विस्मरणात गेला.

आकाशातून येणाऱ्या संकटाची बातमी, तिच्यामागून येणारी भीती आणि भीतीच्या पाठीवर बसून येणारे हसू, ही मिरवणूक जुनी आहे. तिच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण दीडशे वर्षांपूर्वी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत घडले. त्याचा नायक एक धूमकेतू होता. निदान सर्वांची समजूत तशी होती.

मराठीत नको त्या वेळी टपकणाऱ्या माणसाला 'धूमकेतूसारखा उगवला' असे म्हणतात. शेंडेनक्षत्र दिसले की राजाला धोका, दुष्काळ, रोगराई हा समज आपल्याकडे होता तसा युरोपातही होता. न्यूटन आणि हॅली यांनी धूमकेतूंना गुरुत्वाकर्षणाच्या नियमात बसवले, तेव्हा ही भीती संपावी अशी अपेक्षा होती. घडले ते उलटच. धूमकेतू कधी आणि कोठे येणार हे गणिताने सांगता येऊ लागले, त्याबरोबर भीतीलाही तारीख मिळाली.

अशी एक तारीख होती २९ ऑक्टोबर १८३२. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील अधिकारी विल्हेल्म फॉन बिएला यांनी फेब्रुवारी १८२६मध्ये पाहिलेला एक धूमकेतू दर ६.६ वर्षांनी सूर्याला प्रदक्षिणा घालतो, असे दिसून आले होते. जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्स यांनी त्याचे गणित मांडून सांगितले, की १८३२च्या फेरीत हा धूमकेतू पृथ्वीची कक्षा जवळजवळ छेदून जाईल. 'पृथ्वीची कक्षा' आणि 'पृथ्वी' यांतला फरक बातमीच्या प्रवासात गळून पडला. वस्तुतः धूमकेतू ज्या जागी २९ ऑक्टोबरला पोहोचणार होता, तेथे पृथ्वी पोहोचणार होती ३० नोव्हेंबरला. रेल्वेमार्ग ओलांडायचा असेल आणि गाडी महिन्यापूर्वीच निघून गेलेली असेल, तर भिण्याचे कारण नाही, इतका साधा तो हिशेब होता. महिनाभराच्या या फरकाचा अर्थ सुमारे ८ कोटी किलोमीटरचे अंतर असा होतो. पॅरिसमध्ये फ्रांस्वा आरागो यांना लोकांची समजूत घालण्यासाठी सविस्तर लेख लिहावा लागला. एखाद्या अज्ञात धूमकेतूची पृथ्वीशी टक्कर होण्याची शक्यता २८ कोटी १० लाखांत एक, असा अंदाजही त्यांनी मांडला. सामान्य वाचकासमोर आपत्तीची शक्यता आकड्यात ठेवण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न. ३.१ टक्क्यांच्या वंशावळीचे मूळ तेथे सापडते.

पुढे १८५७मध्ये, १३ जूनला एक धूमकेतू पृथ्वीचा चुराडा करणार अशी अफवा फ्रान्समध्ये उठली. या वेळी व्यंगचित्रकारांनी मैदान मारले. ओनोरे दोमिए यांनी 'ल शारिव्हारी' या विनोदी नियतकालिकात धूमकेतूला घाबरलेल्या पॅरिसकरांची चित्रे काढली. पुढच्या वर्षी, १८५८मध्ये, दोनातीचा देखणा धूमकेतू खरोखरच आकाशात झळकला, तेव्हाचे त्यांचे चित्र अधिक मार्मिक आहे. त्यात बाबिने हे प्रख्यात शास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावून आकाश न्याहाळत आहेत, धूमकेतू त्यांच्या पाठीमागे तळपतो आहे आणि इमारतीची राखणदारीण त्यांना ते सांगायला आली आहे. या विनोदात शास्त्रज्ञाची चेष्टा आहे, पण वेधशास्त्राचा पहिला धडाही आहे: दुर्बीण किती मोठी याआधी ती कोणीकडे रोखली आहे हे पाहावे.

इकडे बिएलाच्या धूमकेतूनेच अनपेक्षित वळण घेतले. १८४६च्या जानेवारीत निरीक्षकांना तो एकाचे दोन झालेला दिसला. १८५२मध्ये ते दोन्ही तुकडे सुमारे २४ लाख किलोमीटर अंतर राखून जुळ्या भावंडांसारखे परत आले. १८५९ची फेरी सूर्याच्या उजेडात निघून गेली. १८६६मध्ये तो दिसायलाच हवा होता, दिसला नाही. ज्याच्या धडकेच्या धास्तीने युरोप हादरला होता, तो धूमकेतूच बेपत्ता झाला होता.

मग आली २७ नोव्हेंबर १८७२ची रात्र. त्या रात्री पृथ्वी बिएलाच्या जुन्या मार्गातून जात होती आणि युरोपच्या आकाशात उल्कांची अक्षरशः झड लागली. इटलीतील मोन्कालिएरी येथे चार निरीक्षकांनी साडेसहा तासांत ३३,४०० उल्का मोजल्या. साऱ्या उल्का देवयानी तारकासमूहातील एका बिंदूतून फाकल्यासारख्या दिसत होत्या. असे दिसण्याचे कारण साधे आहे. रुळांच्या समांतर रेषा दूरवर एकाच बिंदूत मिळाल्यासारख्या भासतात, तसेच समांतर मार्गांनी येणारे कण एका उद्गमबिंदूतून पसरल्यासारखे भासतात. धूमकेतू झिजून त्याचा चुरा त्याच्या कक्षेत पसरतो आणि पृथ्वी त्या चुऱ्यात शिरली की उल्कावर्षाव होतो, हे नाते खगोलशास्त्रज्ञांना नुकतेच उमगले होते. त्या रात्री त्याचा थाटात पुरावा मिळाला.

जर्मनीत गॉटिंगेनच्या वेधशाळेचे प्रमुख विल्हेल्म क्लिंकरफ्यूज यांनी एक पाऊल पुढे टाकले. एवढा दाट चुरा असेल, तर धूमकेतूचे उरलेसुरले डोके जवळच असले पाहिजे. कदाचित ते पृथ्वीला घासूनच गेले असावे, असा त्यांचा तर्क होता. ज्या दिशेने उल्का आल्या, तिच्या नेमक्या विरुद्ध दिशेला तो आता दूर जाताना दिसेल. देवयानीतील त्या बिंदूच्या विरुद्ध बिंदू पडत होता नरतुरंग तारकासमूहातील थीटा या ताऱ्यापाशी, दक्षिण आकाशात. अडचण अशी, की गॉटिंगेनहून हा तारा फार तर क्षितिजाला चिकटून डोकावतो आणि डिसेंबरच्या आरंभी तेवढेही दिवसाउजेडी. वेध घ्यायचा तर दक्षिणेकडची वेधशाळा हवी, आणि तीही तारेच्या जाळ्याला जोडलेली. दक्षिण आफ्रिकेतील केपची वेधशाळा मोक्याच्या जागी होती, पण तेथवर समुद्री तार पोहोचायला अजून काही वर्षे होती. मद्रासला तार पोहोचत होती. जर्मनी, रशिया आणि इराणमार्गे हिंदुस्थानला जोडणारी सीमेन्स बंधूंची तारयंत्रवाहिनी १८७०मध्ये सुरू झाली होती.

३० नोव्हेंबर १८७२ रोजी मद्रास वेधशाळेत तार येऊन थडकली. तिचा आशय मोजक्या शब्दांत मावणारा होता: बिएला २७ तारखेला पृथ्वीला लागला, थीटा सेंटॉरीजवळ शोध घ्या. रशियामार्गे हा निरोप यायला सुमारे दीड तास लागला होता.

त्या तारेतले 'लागला' हे क्रियापद विचार करण्याजोगे आहे. पृथ्वीला धूमकेतू लागला, म्हणजे नेमके काय झाले? चाळीस वर्षांपूर्वी ज्या टकरीच्या कल्पनेने लोकांची झोप उडाली होती, ती टक्कर जणू होऊन गेली होती आणि पृथ्वीच्या पाठीवरील कोणाला खरचटलेदेखील नव्हते. आकाशात आतषबाजी झाली, लोक घराबाहेर येऊन पाहत राहिले आणि सकाळी आपापल्या कामाला गेले. प्रलयाचे हे रूप अगदीच घरगुती होते.

तार ज्यांच्या हाती पडली, ते नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन १८६१पासून मद्रासचे शासकीय खगोलशास्त्रज्ञ होते. आजच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक नसले, तरी त्यांचे काम पाठ असते. ताऱ्यांच्या दृश्यप्रतीत पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभरपट फरक, म्हणून एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट, हे १८५६मधले मोजमाप पॉग्सन यांचेच. मद्रासला आल्यावर काही आठवड्यांतच, १७ एप्रिल १८६१ रोजी, त्यांनी एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे नाव ठेवले 'एशिया'.

नुंगम्बाक्कममधील त्यांची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १७९२मध्ये बांधली होती. मद्रासची वेळ तिच्या दुर्बिणींवरून ठरे आणि हिंदुस्थानातील रेल्वेची घड्याळे पुढे अनेक वर्षे त्या वेळेवर चालली. मुंबईकरांना आपल्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढची ही 'मद्रास वेळ' कधीच रुचली नाही, तो भाग निराळा. वेधशाळेत पॉग्सन यांचे ज्येष्ठ सहायक होते चिंतामणी रघुनाथाचारी. पारंपरिक ज्योतिर्गणित जाणणाऱ्या घराण्यातून आलेल्या या निरीक्षकाने १८६७मध्ये 'आर रेटिक्युली' हा रूपविकारी तारा शोधला होता. १८७२मध्येच ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

तार आली खरी, पण तो ईशान्य मोसमी पावसाचा काळ होता. मद्रासला पाऊस देणारा हा वारा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत वाहतो, आणि थीटा सेंटॉरी उगवतो पहाटे चारच्या सुमारास, समुद्राच्या बाजूला, आग्नेयेकडे. पॉग्सन पहिली पहाट सूर्योदयापर्यंत बसून राहिले. ढग आणि पाऊस. दुसरी पहाट, पुन्हा ढग आणि पाऊस. दीड तासात युरोपातून आलेल्या निरोपाला मद्रासच्या ढगांनी दोन दिवस ताटकळत ठेवले.

तिसऱ्या पहाटे साडेपाचच्या सुमारास ढगांत थोडी निळी फट पडली आणि तेवढ्यात त्यांना सांगितल्या जागी धूमकेतू सापडला. वेधाची नोंद २ डिसेंबरची आहे. त्या काळी खगोलीय दिनांक दुपारी बदलत असे, म्हणून आपल्या नेहमीच्या हिशेबाने ती ३ डिसेंबरची पहाट. वेळ इतका थोडा होता, की एका निनावी ताऱ्याशी तुलना करून चारच मोजमापे घेता आली. पण चार मिनिटांत तो ठिपका ताऱ्याच्या मानाने सरकलेला दिसला, आणि तो तारा वा तेजोमेघ नाही हे ठरायला एवढे पुरेसे होते. वाटोळा, तेजस्वी, ठळक केंद्र असलेला, शेपूट नसलेला. रुंदी सुमारे ४५ विकला, म्हणजे चंद्रबिंबाचा चाळिसावा भाग. दुसऱ्या पहाटे आकाश अधिक निवळले. रुंदी आता ७५ विकला भरली आणि पुसटशी शेपटीही दिसली. त्यानंतर मद्रासचे आकाश पुन्हा झाकोळले आणि तो धूमकेतू पुन्हा कधीही, कोणालाही दिसला नाही.

युरोपात या वार्तेचे मोठे कौतुक झाले. एक माणूस जर्मनीत बसून तर्क करतो, तारेवर चार शब्द धाडतो आणि सुमारे साडेसात हजार किलोमीटरांवरचा दुसरा माणूस त्याच जागी हरवलेला धूमकेतू शोधून दाखवतो! विज्ञान आणि तंत्रज्ञान यांच्या युतीची याहून सुरस कथा कोणती असणार?

कथेत एकच दोष होता. तो धूमकेतू बिएलाचा नव्हता.

गणिताला पुढे बसलेल्यांच्या लक्षात आले, की बिएलाचा धूमकेतू त्या जागेवरून सुमारे बारा आठवडे आधीच निघून जायला हवा होता. उल्का त्याच्याच चुऱ्याच्या होत्या यात शंका नव्हती, पण चुरा कक्षेत लांबवर पसरलेला असतो. चुरा दिसला म्हणून डोके शेजारीच असले पाहिजे, हा क्लिंकरफ्यूज यांचा तर्क टिकणारा नव्हता. पॉग्सन यांनी पाहिला तो धूमकेतू मग कोणता? कक्षा निश्चित करायला किमान तीन वेगवेगळ्या वेळांचे वेध लागतात. येथे दोनच पहाटांचे होते. तिसरी पहाट ढगांनी गिळली, आणि तिच्याबरोबर उत्तरही गेले. आजही हा 'पॉग्सनचा धूमकेतू' कक्षा नसलेल्या धूमकेतूंच्या यादीत, नावापुढे प्रश्नचिन्ह लागल्यासारखा पडून आहे. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या माणसाला तेथे भलताच, पण खराखुरा रहिवासी भेटावा, तसे हे झाले.

या प्रकरणातला विनोद येथे आहे, आणि शिकण्याजोगी गोष्टही. रात्रीबेरात्री दूरदेशाहून कोणाचा तरी निरोप येतो, त्यात खळबळजनक वाक्य असते आणि 'येथे पाहा' अशी सूचना असते. आजच्या संगणकसुरक्षेच्या भाषेत ही सारी लक्षणे दुव्यावर टिचकी मारू नये अशा संदेशाची आहेत. पॉग्सन यांनी तो निरोप पुढे चार जणांना पाठवला असता, तर ती अफवा ठरली असती. त्याला हसून तो कचऱ्यात टाकला असता, तर एक खरा धूमकेतू कायमचा अज्ञात राहिला असता. त्यांनी दुर्बीण वळवली, तीन पहाटा जागून काढल्या आणि जे दिसले ते मापांसह लिहून ठेवले. त्या मापांच्या जोरावरच इतरांना मूळ तर्क तपासता आला. बातमी चूक ठरली, पण वेध चूक ठरला नाही.

निरोपाचा वेग आणि निरीक्षणाचा वेग यांतली ही तफावत तेव्हापासून वाढतच गेली. १९१०मध्ये हॅलीच्या धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू आढळल्याची बातमी आली. मे महिन्यात पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. शेपटी इतकी विरळ असते, की तिचा श्वास लागणेही अशक्य. पण हे सांगणारे शास्त्रज्ञ बोलत असतानाच अमेरिकेत 'धूमकेतूवरील गोळ्या' विकल्या गेल्या. तोवर मद्रासचे वेधकार्य कोडाईकनालला हलले होते आणि तेथील निरीक्षक मात्र हॅलीची छायाचित्रे घेण्यात गढले होते.

या साऱ्यावर आज निर्धास्तपणे हसता येते. पण हसण्याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती चेन्नईनेच सर्वांत कठोरपणे अनुभवली.

डिसेंबर २००४च्या शेवटच्या आठवड्यात खगोलशास्त्रज्ञांच्या वर्तुळात एका लघुग्रहाची चर्चा होती. त्याचे तेव्हाचे नाव २००४ एमएन४, आजचे नाव ॲपोफिस. २०२९मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता रोज वाढत होती. २७ डिसेंबरला ती २.७ टक्क्यांवर, म्हणजे ३७त एक इतकी चढली. त्याच दिवशी मार्च महिन्यातल्या जुन्या प्रतिमांत तो सापडला, कक्षा नेमकी झाली आणि २०२९चा धोका मिटला. एरवी ही जगभराची ठळक बातमी झाली असती. झाली नाही, कारण आदल्याच दिवशी जग हादरले होते.

२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राजवळ समुद्रतळाला प्रचंड भूकंप झाला. त्सुनामीला चेन्नईचा किनारा गाठायला सुमारे अडीच तास लागले. रविवारची सकाळ होती. मरीना किनाऱ्यावर मुले क्रिकेट खेळत होती, लोक फिरायला आले होते, कोळी जाळी आवरत होते. भूकंपाची नोंद जगभरच्या यंत्रांवर काही मिनिटांत झाली होती. प्रशांत महासागरासाठी इशारा देणारी व्यवस्था कित्येक वर्षे चालू होती. हिंदी महासागरासाठी ती नव्हतीच. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे गेली.

१८७२मध्ये गॉटिंगेनहून मद्रासला निरोप यायला दीड तास पुरला होता. २००४मध्ये समुद्राने अडीच तास दिले, तरी किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत निरोप आला नाही. उपग्रह होते, भ्रमणध्वनी होते, आंतरजाल होते. नव्हती ती रात्रंदिवस डोळा ठेवणारी आणि कोणाला कळवायचे हे आधीच ठरवून ठेवलेली माणसांची साखळी.

त्यानंतर चारच दिवसांनी, ३० डिसेंबरला, उलटा प्रकार झाला. अमेरिकेतील एका खासगी कंपनीच्या भाकितावर विसंबून केंद्रीय गृहमंत्रालयाने पुन्हा त्सुनामीचा इशारा दिला. आधीच पोळलेले किनाऱ्यावरचे लोक मिळेल त्या वाहनाने पळाले, मदतकार्यही थांबले. विज्ञानमंत्री कपिल सिब्बल यांना दूरचित्रवाणीवर येऊन या भाकिताला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगावे लागले. लांडगा खरोखर आला तेव्हा कोणी ओरडले नव्हते. तो नव्हता तेव्हा आरोळी ठोकली गेली. चार दिवसांत एका किनाऱ्याने दोन्ही चुका भोगल्या.

या अनुभवातून हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र उभे राहिले आणि ऑक्टोबर २००७मध्ये कार्यरत झाले. त्याची मोठी परीक्षा ११ एप्रिल २०१२ रोजी झाली. सुमात्राजवळ पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, इशारे निघाले, तमिळनाडूचे किनारे रिकामे केले गेले. लाट मात्र नगण्य निघाली. या भूकंपात समुद्रतळाचे तुकडे प्रामुख्याने आडवे सरकले होते; २००४प्रमाणे तळ उचलला गेला नव्हता, म्हणून पाणीही फारसे ढकलले गेले नाही. संध्याकाळपर्यंत इशारा मागे घेतला गेला. 'कुठे गेली तुमची त्सुनामी?' असे हसत विचारायला त्या दिवशी लोक जिवंत आणि सुखरूप होते. इशारा देणाऱ्यांना यापेक्षा मोठे यश काय हवे?

२०२५च्या ३.१ टक्क्यांकडे याच नजरेने पाहायला हवे. तो आकडा आधी वाढला आणि मग कोसळला, यावरून अनेकांनी शास्त्रज्ञांची टर उडवली. पण असे होणे स्वाभाविक असते. लघुग्रह नुकताच सापडलेला असतो, तेव्हा तो कोठून जाईल याचा अंदाज लांबलचक पट्ट्यासारखा असतो आणि पृथ्वी त्या पट्ट्यातला एक छोटा ठिपका असते. नवे वेध मिळतात तसा पट्टा आखडत जातो. जोवर पृथ्वी त्यात आहे, तोवर ती पट्ट्याचा अधिकाधिक मोठा हिस्सा व्यापते. शंभरांत एक, मग पन्नासांत एक, मग बत्तिसांत एक. आणखी काही वेध येतात, आखडलेला पट्टा पृथ्वीच्या बाजूला सरकतो, आणि शक्यता एकदम शून्याजवळ येते. चढता आकडा धोका वाढल्याचे सांगत नव्हता. आपले अज्ञान कमी होत चालल्याचे सांगत होता. ॲपोफिसच्या बाबतीत हेच घडले होते. पॉग्सन यांना तिसरी निरभ्र पहाट मिळाली असती, तर १८७२मध्येही हेच घडले असते.

पॉग्सन १८९१पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, मद्रासच्या वेधशाळेतच राहिले. रघुनाथाचारी यांनी त्या धूमकेतूनंतर दोनच वर्षांत एक वेगळे काम हाती घेतले. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून दिसणार होता. अधिक्रमण म्हणजे काय, ते का घडते आणि त्यावरून सूर्याचे अंतर कसे काढतात, हे समजावणारी पुस्तिका त्यांनी लिहिली आणि ती इंग्रजीबरोबरच कन्नड, उर्दू अशा भारतीय भाषांतही आणली. पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे त्याच सुमारास पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळवण्यासाठी झटत होते. मद्रासला रघुनाथाचारी यांचाही तोच ध्यास होता. घटना घडण्यापूर्वी, लोकांच्या भाषेत, घाबरवल्याशिवाय सांगणे ही विज्ञानवार्तेची रीत या माणसांनी तारयंत्राच्या पहिल्या पिढीतच घालून दिली होती.

ॲपोफिस आता १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून जाणार आहे. युरोप आणि आफ्रिकेतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. पाश्चात्त्य देशांत तो दिवस तेरा तारखेचा शुक्रवार आहे, म्हणून तिकडची विनोदाची सोय आधीच झाली आहे. भारतीय घड्याळात मात्र तो सर्वांत जवळ येईल, तेव्हा १४ एप्रिलची पहाट उजाडायची असेल. महाराष्ट्रात आंबेडकर जयंतीची तयारी झालेली असेल, तमिळनाडूत नववर्षाचे कोलम काढायला दारे झाडली जात असतील. त्या दिवशीही विनोद होतील, आणि व्हावेतच. मद्रास वेधशाळेची जुनी इमारत आज नाही. नुंगम्बाक्कमच्या हवामान केंद्राच्या आवारात तिचा एक ग्रॅनाइटचा स्तंभ तेवढा उभा आहे. त्याच आवारात आजही कोणीतरी रात्रपाळीला असते, बंगालच्या उपसागरावरच्या ढगांवर नजर ठेवून.